अडवलेले रॉड

तुम्ही काय काम करता असं कुणी विचारलं की मी सांगते, वस्तूंना नावं ठेवते. माहेरी मिरजेत हे ऐकून सगळे हसतात, कारण माणसांनाही मी नावं ठेवते असा माझा लौकिक आहे आणि तो मी कष्टानं मिळवलेला आहे. पण माझं काम खरंच तेच होतं. चेन्नईत, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, सरफोजी ड्रिलिंग इक्विपमेंट्स नावाच्या कारखान्यात मी स्टोअरचं सॉफ्टवेअर सांभाळायचे. बोअरवेल खणणाऱ्या गाड्यांना लागणारे रॉड, हॅमर आणि बिट आम्ही बनवायचो. प्रत्येक वस्तूची सॉफ्टवेअरमध्ये एक नोंद असायची. नाव, माप, आटे कुठले, ठेवलीय कुठे, शिल्लक किती. नोंद चुकली की असलेला माल सापडत नाही आणि नसलेला माल गिऱ्हाइकाला कबूल करून बसतो.

मी यायच्या आधी तिथे सगळा आनंदीआनंद होता. एकाच बिटाच्या तीन-चार नोंदी, कारण ज्याला जे नाव सुचलं त्यानं ते घातलं. मी पहिल्याच महिन्यात नियम केला: वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि हातात घेतल्याशिवाय नवी नोंद उघडायची नाही. ओढणी कमरेला खोचून मी रॅकमध्ये घुसायचे, ग्रीसनं माखून बाहेर यायचे. स्टोअरमधली मंडळी गालातल्या गालात हसायची. हसू देत म्हटलं. हसणाऱ्याचे दात दिसतात, माझ्या नोंदी बरोबर निघतात.

मालक उमाकांत राव तंजावरच्या मराठी घराण्यातले. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात, पण घरात मराठी. ती मराठी अशी की समोर बखर उघडून कुणी वाचतंय असं वाटावं, फक्त वाचणारा तमिळ हेल काढतोय. मुलाखतीत त्यांनी मला सॉफ्टवेअरचं काहीच विचारलं नाही. "मिरजेची? म्हणजे आम्च्यांतली!" एवढंच म्हणाले आणि डब्यातली डांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं डांगर, माझ्यापुढे सरकवली. अनिकेतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नोकरीपायी मी चेन्नईत आले होते. तो रोज शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत जायचा आणि मी वर्ष दीड वर्ष फ्लॅटमध्ये बसून भिंतींशी मराठी बोलत होते. त्यामुळे ती पच्चडी मला किती गोड लागली ते माझं मलाच ठाऊक. हे काम म्हणजे माझा श्वास होता. ते जाण्याची मला भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून मी फार शूर होते असा कुणाचा समज व्हायचा.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. त्या वर्षी चेन्नईला पाणी नव्हतं. गल्लोगल्ली रंगीत कुडम, म्हणजे प्लास्टिकच्या घागरी घेऊन बायका टँकरची वाट बघत उभ्या असायच्या. ज्याला त्याला बोअर हवी होती, होती ती बोअर आणखी खोल हवी होती. खणणाऱ्या गाड्यांना उसंत नव्हती आणि आमचे रॉड तयार होतील तसे उचलले जात होते.

त्यातच एक लॉट बिघडून आला. रॉड म्हणजे वीस फुटी पोलादी नळी, तिच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले जोड वेल्ड केलेले. वेल्डिंगचं काम आम्ही बाहेर देत होतो. आमच्याकडे तपासणीत त्यातल्या काही रॉडच्या वेल्डला बारीक तडे दिसले. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. खाली जमिनीत खडकाशी झुंजताना असा रॉड तुटला की आधी बोअर वाया जाते, आणि तो वरच्या बाजूला तुटला तर गाडीशी उभ्या माणसाचं काय होईल ते सांगवत नाही. आम्ही ते रॉड वेगळे काढले, प्रत्येकावर लाल रंगाचा पट्टा ओढला आणि कंपाउंडच्या भिंतीजवळ वेगळे ठेवले. वेल्डिंगवाला ते परत न्यायला आज येतो, उद्या येतो करत होता. सॉफ्टवेअरमध्ये मी त्यांची वेगळी नोंद उघडली आणि तिच्यावर होल्ड लावला. होल्ड लावलेल्या मालाचं चलन निघत नाही, आणि चलन हातात पडल्याशिवाय आमचा गेटवाला लॉरी बाहेर सोडत नाही. मालकाच्या सख्ख्या भावाचीही सोडली नव्हती त्यानं.

मग मी नवरात्रात मिरजेला गेले. परत आले तो आयुधपूजा होऊन गेली होती.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुसतात, हळदकुंकू वाहतात, झालं. तिकडे तसं नाही. तिकडे कारखान्यातला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा अंघोळ करून गंध लावून बसतो. दोन दिवस आधीपासून साफसफाई, रंगरंगोटी. मशीनला केळीचे खुंट, पुढ्यात चुरमुऱ्यांचे ढीग, दारात कोहळा फोडायचा. मी आत शिरले तर सगळं स्टोअर नव्या नवरीसारखं सजलेलं. कंपाउंडच्या भिंतीजवळची जागा रिकामी, धुऊन लख्ख, वर रांगोळी.

"जनकोजीराव, इथले लाल पट्ट्याचे रॉड?"

जनकोजीराव म्हणजे आमचे स्टोअरकीपर, मालकांच्याच गावचे. त्यांनी अभिमानानं मोठ्या रॅककडे हात केला. "ते बघा मॅडम. सगळे रॉड देवीपुढें मांडटलों. निळा पेंट मारून, चंदन-कुंकू लावून. कसे दिसतात बघा!"

दिसत होते खरे सुंदर. सगळेच्या सगळे निळे, टोकाला चंदनाची बोटं आणि मधोमध कुंकवाचा ठिपका. चांगले आणि तडे गेलेले, एकाच रॅकवर, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून. लाल पट्टा निळ्या रंगाखाली गेला होता.

मी डोक्याला हात लावला. ओरडावं तर कुणावर? जनकोजीरावांनी काही चोरी केली नव्हती. देवीपुढे हत्यार मळकं ठेवायचं नाही, आणि लाल ओरखडा असलेलं तर नाहीच नाही, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. पण कुठला रॉड कुठला ते आता देवीलाच ठाऊक, आणि देवी काही चलन काढत नव्हती.

मी जागेवर येऊन बसले, दोन्ही नोंदी उघडल्या. अडवलेल्या मालावर होल्ड होताच. चांगल्या मालाच्या नोंदीवरही मी होल्ड लावला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'चांगले व खराब रॉड एकत्र मिसळले आहेत. सगळे पुन्हा तपासल्याशिवाय देऊ नये.' खाली सॉफ्टवेअरनं आपणहून माझं नाव घातलं. तिथे होल्ड लावणाऱ्याचंही नाव राहतं आणि काढणाऱ्याचंही, आणि ते पुसता येत नाही.

दुपारी मालकांनी बोलावलं. अजून रागावले नव्हते, उलट लाडात होते.

"ऋजुता, तें सगळं का अडवटलीस मा? कंदसामीची लारी उद्यां येतीया. त्याच्या तीन गाड्या रॉडावांचून उभ्या आहेत."

"सर, रॉड मिसळलेत."

"खराब किती? मूठभर. बाकी चांगलेच नव्हेत का? ती नोंद चांगल्यांत मिळवून टाक. एकच नोंद. कोण बघतो?"

"रॉड बघेल ना, सर. खाली गेल्यावर."

"तपासायला आठवडा जाईल. आठवड्यांत कंदसामी दुसरीकडे जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तूं आम्च्यांतली म्हणून तुज सांगटलों. बाहेरच्या माणसाला सांगटलों नसतों."

मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. दक्षिणेत राहून मान तशी हलवायला मी शिकले होते. पण केबिनमधून बाहेर आल्यावर माझं डोकं तापलं ते खाली यायलाच तयार होईना. खराब काम माझ्याकडून करून घ्यायचं, आणि वर ते मायेच्या गुळात घोळून द्यायचं!

संध्याकाळी घरी अनिकेतला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एका चौकोनातली बरोबरची खूण काढायची. मालक सांगतोय ना? जबाबदारी त्याची."

"मग त्यानं काढावी. त्याचंही लॉगिन आहे, त्यालाही सगळे अधिकार आहेत. माझ्याच हातून कशाला?"

अनिकेत विचारात पडला. हुशार आहे तो, फक्त जरा वेळ लागतो. मग म्हणाला, "कारण खाली नाव राहतं."

"बघ, कळलं तुला," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, एवढाच खेळ आहे. आणि खांदा माझा."

तो म्हणाला, नोकरी जाईल. मी म्हटलं, जाईल. तेवढं बोलले आणि रडले. हे लपवण्यात अर्थ नाही. पुन्हा तो फ्लॅट, त्या भिंती, दुपारी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणं. पण रडून झाल्यावरही माझं उत्तर तेच होतं, म्हणजे ते पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंदसामी स्वतः लॉरीबरोबर आले. तिरुचेंगोडचा माणूस, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, पांढरा शर्ट, मनगटावर मोठं घड्याळ. तिरुचेंगोडकडे घरटी एक बोअरची गाडी म्हणतात. ह्यांच्या तीन होत्या आणि त्यातल्या एकीवर धाकटा भाऊ काम करायचा. लॉरी रॅकला लावली होती. चलन तेवढं निघत नव्हतं.

मला केबिनमध्ये बोलावलं. कंदसामी फिल्टर कॉफी गार करत बसले होते. मालक माझ्याकडे बघून छान हसले आणि हसतच मराठीत बोलू लागले. गिऱ्हाइकापुढे काही झाकायचं असलं की ते नेहमी असंच करायचे. चेहरा गिऱ्हाइकासाठी, शब्द माझ्यासाठी. कंदसामींना वाटावं, मालक ह्या मुलीची विचारपूस करतायत.

"होल्ड काढ. आत्तां, ह्या घटकेला. नाहीतर उद्यांपासून येऊं होणा." म्हणजे, येऊ नकोस.

मीही हसून म्हटलं, "सर, तुमचं लॉगिन आहे. ही खुर्ची, हा कॉम्प्युटर. तुम्ही काढा. मी बाजूला उभी राहते."

"मालक टायप करीत बसेल कां?"

"एकच खूण काढायची आहे. आणि कारणाचा रकाना भरायचा. तो रिकामा ठेवून चालत नाही."

"एक टिंब घालतों."

"घाला. टिंबाखाली नाव तुमचं येईल."

त्यांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, डोळ्यांतून गेलं. हात कीबोर्डकडे गेला. खरंच गेला, मी पाहिलं. मग तो हात टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथेच ठेवून परत आला. ह्या माणसाला ठाऊक होतं. रॉड ठीक असतील असं त्यांना वाटत असतं तर त्यांनी ते टिंब कधीच घातलं असतं. मला तोवर कुठेतरी आशा होती की ते नुसते घाईत आहेत. ती तिथे संपली.

"तूं आम्च्यांतली नव्हेस," ते म्हणाले. अजूनही हसत, अजूनही मराठीत. "जा घरीं."

आणि मला काय झालं कोण जाणे. मला राग आला तो नोकरी गेल्याचा नव्हे. परक्या गावात जी भाषा कानावर पडली की मला माहेर भेटल्यासारखं व्हायचं, तीच भाषा हा माणूस पडद्यासारखी धरून उभा होता, आणि पडद्याचं दुसरं टोक माझ्या हातात देत होता. समोर ज्याच्या भावाच्या जिवाचा प्रश्न, तो बिचारा कॉफी पीत होता आणि आमच्याकडे बघून कौतुकानं मान हलवत होता. छे! माझ्या मराठीत हे चालायचं नाही.

मी कंदसामींकडे वळले. माझी तमिळ म्हणजे भाजीवाली आणि बस कंडक्टर ह्यांच्याकडून उचललेली, तोडकी. आजवर ऑफिसात कुणी हसेल म्हणून मी ती बोलायची टाळत होते.

"अण्णा," मी म्हटलं, "अंद रॉड एल्लां कलंदु पोच्चु. नल्लदु एदु, केट्टदु एदु, तेरियादु."

दादा, ते सगळे रॉड मिसळून गेलेत, चांगला कुठला, वाईट कुठला, कळत नाही. कप कंदसामींच्या ओठाशी थांबला. त्यांनी मालकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"एन्नम्मा सोल्रींग?" काय सांगताय बाई, असं त्यांनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. वेल्डचे तडे, लाल पट्टे, आयुधपूजा, निळा रंग. व्याकरणाचा खून पडला असेल, माझी हरकत नाही. शब्द अडला तिथे हातांनी दाखवलं. उमाकांत राव मधेच मराठीत म्हणाले, "पुरे!" मी तमिळमध्येच म्हटलं, "सर, तमिळ्ल सोल्लुंग." म्हणजे, तमिळमध्ये बोला.

कंदसामी उठले, वेष्टी दुमडून गुडघ्यावर बांधली आणि सरळ रॅककडे निघाले. मागोमाग मी. मला घरी जायला सांगितलं होतं, पण घर कुठे पळून जात नव्हतं.

आमच्याकडची तपासणी काही फार थोर नाही. रंग खरवडून वेल्डवर रॉकेल चोळायचं, जरा वेळानं कोरडं पुसायचं आणि वर स्पिरिटमध्ये कालवलेली खडूची पूड फासायची. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल पाझरून वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. कंदसामींनी हाताला येईल तो रॉड ओढला. जनकोजीरावांनी तारेचा ब्रश घेतला. चंदन-कुंकू लावलेल्या रॉडवर ब्रश फिरवताना त्यांनी आधी डोळे मिटून नमस्कार केला. उमाकांत रावही येऊन मागे उभे राहिले.

पहिला चांगला निघाला. मालक खाकरले. दुसराही चांगला निघाला.

"सांगटलों नव्हे?" ते मला म्हणाले.

आता पुढचे सगळेच चांगले निघाले तर मी गावभर हसं करून घेतलं, असा एक विचार आलाच. आणि लगेच दुसरा आला की निघू देत, मी तरी कुठे सगळे वाईट म्हणाले होते.

तिसऱ्यावर खडू सुकत आला आणि वेल्डच्या कडेनं एक रेघ हळूच उमटली. केसाएवढी. मग ती वळली आणि अर्ध्या नळीला फिरून गेली. जनकोजीरावांच्या हातातला ब्रश खाली पडला.

कंदसामींनी त्या रेघेवर बोट ठेवलं. बराच वेळ ते बोट तिथेच होतं. मग ते हळू आवाजात उमाकांत रावांना म्हणाले की हा रॉड आज संध्याकाळी माझ्या भावाच्या गाडीवर चढला असता. एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. लॉरीच्या ड्रायव्हरला हाक मारून इंजिन बंद करायला सांगितलं, पालथ्या ड्रमवर बसले आणि म्हणाले, सगळे तपासा, मी बसतो.

उमाकांत रावांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला. चेहऱ्यावर काही नव्हतं, तरी पुसला. मग ते आत जायला वळले, थांबले, परत आले. स्वतःच्या हातांनी खडूचा डबा उचलून त्यांनी जनकोजीरावांच्या जवळ ठेवला.

काम दिवसभर चाललं. चांगले एकीकडे, रेघेचे दुसरीकडे. रेघेच्या प्रत्येकावर मी स्वतः लाल पट्टा ओढला, आणि ह्या वेळी पट्टा नव्हे, पूर्ण टोकच लाल करून टाकलं. माझे कपडे, हात, अर्धा चेहरा लाल झाला. जनकोजीराव कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले, पुढच्या पूजेला लाल रॉड देवीपुढे मांडणार नाही. मी म्हटलं, मांडा की, पण लालच मांडा.

उन्हं कलली तेव्हा रॅक बराचसा रिकामा झाला होता, पण संपला नव्हता. उमाकांत राव माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. सकाळी दिलेल्या निरोपाबद्दल ते बोलले नाहीत आणि मीही त्यांना आठवण करून दिली नाही. कंदसामी समोरच ड्रमवर होते, म्हणून की काय, ते तमिळमध्ये म्हणाले, "ऋजुता, तपासून झालेत तेवढे तरी सोड. तेवढ्याचं चलन काढ. माणूस सकाळपासून बसलाय."

"सगळे होऊ देत, सर," मी तमिळमध्येच म्हटलं.

"झाल्यावर मग मीच काढतो होल्ड. माझ्या लॉगिननं. तू म्हणत होतीस ना?"

"सकाळी म्हणत होते," मी म्हटलं. "सकाळी तुम्ही काढला नाहीत. आता तो मी काढणार. एकेक रॉड मी बघतेय. चांगल्या रॉडखाली नाव माझं राहील."